मोटारीचे धक्के पचविणारा अभियंता

मोटारीच्या पुढच्या चाकांतून खडखडाट येऊ लागला आणि गाडी गॅरेजमध्ये नेली, की मेकॅनिकच्या तोंडून एक नाव हमखास ऐकू येते. नव्या मोटारीच्या माहितीपत्रकातही 'सस्पेन्शन' या रकान्यासमोर तेच नाव छापलेले असते : मॅकफर्सन स्ट्रट. ते एखाद्या कंपनीचे नाव असावे, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात एर्ल स्टील मॅकफर्सन नावाचे एक अमेरिकी अभियंते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेले. जगातील बहुसंख्य लहान मोटारी पुढचा भार ज्या दोन खांबांवर पेलतात, ते खांब त्यांच्या कल्पनेतून उतरले आहेत.

माणसाचे नाव वस्तूला चिकटले, की वस्तू उरते आणि माणूस विसरला जातो. डिझेलच्या बाबतीत ते झाले. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदांत नित्य आढळणारे 'मॅकॅडम' हेही मूळचे जॉन मॅकॅडम या स्कॉटिश रस्तेबांधणी तज्ज्ञाचे आडनाव. रस्ता मॅकॅडमचा आणि गाडी मॅकफर्सनची, अशी आपली रोजची ये-जा चालते आणि पहिल्याच्या कामात कसूर झाली, की तिची भरपाई दुसऱ्याच्या कामाला करावी लागते. पावसाळ्यानंतरच्या शहरात हे कोणाला वेगळे सांगावयास नको.

मॅकफर्सन यांचा जन्म ६ जुलै १८९१ रोजी शिकागोजवळच्या हायलंड पार्क या गावी झाला. इलिनॉय विद्यापीठातून १९१५ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते डेट्रॉइटला गेले आणि चाल्मर्स या मोटार कंपनीत रुजू झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी सैन्यातर्फे युरोपात विमानांच्या इंजिनांवर काम केले. परतल्यावर लिबर्टी आणि मग हपमोबील अशा दोन कंपन्यांत त्यांची उमेदवारी झाली. या तीनही कंपन्यांची नावे आज केवळ जुन्या मोटारींच्या शौकिनांनाच ठाऊक असतात. डेट्रॉइट त्या काळी अशा लहानमोठ्या कंपन्यांनी गजबजलेले होते, आणि त्यांतल्या बहुतेक काही वर्षांतच नामशेष झाल्या.

त्या दिवसांतली मोटार बसणाऱ्याच्या दृष्टीने टांग्याहून फार निराळी नव्हती. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा लोखंडी आस, त्यावर एकावर एक रचलेले पोलादी पाटे आणि त्या पाट्यांवर ठेवलेली चौकट, अशी तिची रचना असे. मालवाहू ट्रकखाली हे पाटे अजूनही पाहावयास मिळतात. एका बाजूचे चाक खड्ड्यात उतरले, की एकाच आसामुळे दुसऱ्या बाजूचे चाकही कलते आणि सारी गाडी हेलकावते. स्प्रिंग हादरा घेते खरी, परंतु घेतलेली ऊर्जा ती स्वतःजवळ ठेवीत नाही. जशीच्या तशी परत करते. झोपाळ्याला एकदा झोका दिला, की तो कितीतरी वेळ झुलत राहतो, तसाच हा प्रकार. ते झुलणे थांबविण्यासाठी दुसरे साधन लागते, त्याला आपण 'शॉक अॅब्सॉर्बर' म्हणतो. नाव थोडे फसवे आहे. धक्का स्प्रिंग घेते. शॉक अॅब्सॉर्बर नळीतले तेल बारीक छिद्रांतून रेटून त्या हालचालीची उष्णता करतो आणि झुलणे आवरतो. स्प्रिंगविना गाडी दगडासारखी आदळेल, शॉक अॅब्सॉर्बरविना ती होडीसारखी डोलेल. या दोहोंच्या जोडीला आणि चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्यांना मिळून सस्पेन्शन म्हणतात. पाठ्यपुस्तकांत त्यासाठी 'निलंबन' असा शब्द आहे, पण तो सरकारी कर्मचाऱ्यांनी आधीच अडवून ठेवल्याने मोटारीच्या वाट्याला इंग्रजीच राहिला.

मॅकफर्सन १९३४ मध्ये जनरल मोटर्समध्ये दाखल झाले. प्रवासाच्या सुखाचा प्रश्न त्याच वर्षी त्या कंपनीच्या मोटारींत प्रथमच जाहीरपणे हाताळला गेला. रोल्स-रॉइसमधून आलेले मॉरिस ओली हे इंग्रज अभियंते १९३० पासून कॅडिलॅकमध्ये या विषयाच्या मागे लागलेले होते. त्यांनी एका मोठ्या मोटारीवर हलविता येतील अशी वजने बसवून, ती पुढेमागे सरकवीत, कोणत्या स्थितीत बसणाऱ्याला कमी त्रास होतो हे पडताळून पाहिले. निघालेला निष्कर्ष तेव्हाच्या समजुतीच्या उलट होता : पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो आणि मागाहून मागच्या. पुढचा भाग सावकाश व मागचा किंचित चटकन हलला, तर दोन्ही हेलकावे लवकरच एकमेकांशी जुळतात आणि गाडी पुढेमागे डुचमळत नाही. पण पुढच्या स्प्रिंगा मऊ केल्या आणि आस तसाच अखंड ठेवला, की चाके थरथरू लागत. म्हणून प्रत्येक पुढचे चाक स्वतंत्रपणे टांगणे भाग पडले.

१९३४ च्या कॅडिलॅक, ब्युइक आणि ओल्ड्समोबील यांना ओलींची दोन त्रिकोणी भुजांची रचना मिळाली. शेवरोले आणि पॉन्टिअॅक या स्वस्त गाड्यांसाठी मात्र द्युबोने या फ्रेंच संशोधकाची निराळी पद्धत निवडण्यात आली. तिच्यात स्प्रिंग आणि तेल एका बंद डब्यात असे. डब्यातून तेल गळू लागले, की सुख संपले. अखेर १९३९ मध्ये शेवरोलेलाही भुजांच्या रचनेकडे वळावे लागले. मॅकफर्सन १९३५ पासून शेवरोलेचे मुख्य आरेखन अभियंते होते, तेव्हा हा सारा व्याप त्यांच्या डोळ्यांसमोर घडला. चांगली रचना महाग, स्वस्त रचना नाजूक आणि या दोहोंच्या मधली रचना कोणाजवळच नाही, असे ते चित्र होते. सुखकर प्रवास ही श्रीमंतांच्या गाडीची मक्तेदारी का असावी, या प्रश्नाचे उत्तर एखाद्या भाषणातून मिळणारे नव्हते. ते पोलादाच्या वजनात आणि सुट्या भागांच्या संख्येत दडलेले होते.

उत्तर शोधण्याची संधी युद्धाने दिली. १९४२ च्या प्रारंभी अमेरिकेत खासगी मोटारींचे उत्पादन थांबले आणि कारखाने रणगाडे, विमाने बनवू लागले. युद्ध संपत आले, तेव्हा कंपन्यांच्या धुरीणांना एक धास्ती होती. पहिल्या महायुद्धानंतर आली तशी मंदी पुन्हा आली, तर मोठी गाडी घेणार कोण? म्हणून जनरल मोटर्सने १९४५ मध्ये हलक्या मोटारीचा स्वतंत्र प्रकल्प हाती घेतला आणि त्याचे मुख्य अभियंतेपद मॅकफर्सन यांच्याकडे सोपविले. या गाडीचे नाव 'शेवरोले कॅडेट'. अटी कडक होत्या. किंमत हजार डॉलरच्या आत, वजन सुमारे २२०० पौंड, म्हणजे एक हजार किलोच्या आसपास, आणि तरीही चार माणसे ऐसपैस बसली पाहिजेत.

हलकी गाडी सुखकर करणे हे जड गाडीपेक्षा कठीण असते, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. दोन टनांच्या गाडीत एक माणूस चढला वा उतरला तरी स्प्रिंगेला फारसा फरक पडत नाही. हलक्या गाडीत चार माणसांचा भार गाडीच्या वजनाच्या चौथ्या हिश्शापर्यंत जातो. रिकाम्या गाडीसाठी स्प्रिंग मऊ ठेवावी, तर भरल्यावर ती बुड टेकते. भरल्या गाडीसाठी कडक ठेवावी, तर एकट्या चालकाची हाडे खिळखिळी होतात. याला उपाय एकच : चाकाला खालीवर होण्यासाठी अधिक जागा द्यावयाची आणि चाकासह हलणाऱ्या भागांचे वजन शक्य तितके घटवावयाचे. मॅकफर्सन यांनी मोटारीचे लहान आकारमान हे वाईट प्रवासाचे निमित्त मानण्यास नकार दिला, यातच या माणसाचे मोठेपण आहे. स्वस्त गाडी घेणाऱ्याने धक्के खाल्लेच पाहिजेत, असा जणू अलिखित नियम असलेल्या धंद्यात ही भूमिका सोपी नव्हती.

त्यांनी जे केले ते कागदावर पाहिले, तर इतके साधे दिसते की, आधी कोणाला का सुचले नाही असे वाटावे. चाकाला वरून आणि खालून धरणाऱ्या दोन भुजा, त्यांच्यामधली स्प्रिंग, शेजारी शॉक अॅब्सॉर्बर आणि चाक वळावे म्हणून उभा खिळा, एवढा संसार प्रत्येक पुढच्या चाकापाशी असे. मॅकफर्सन यांनी वरची भुजा काढून टाकली. शॉक अॅब्सॉर्बरची नळी जाड व भक्कम केली, तिचे खालचे टोक थेट चाकाच्या बैठकीला घट्ट जोडले आणि वरचे टोक रबरी आधारातून गाडीच्या सांगाड्याला टांगले. स्प्रिंग त्या नळीभोवतीच गुंडाळली. खाली चाक जागेवर राखायला एक भुजा पुरली. चाक वळते ते या खांबाभोवतीच, त्यामुळे निराळा खिळाही नको. धक्का घेणे, झुलणे आवरणे, चाकाला उभे धरणे आणि त्याला वळू देणे, अशी चार कामे एका खांबाने उचलली. शिवाय खांबाचे वरचे टोक उंचावर असल्याने गाडीचा भार सांगाड्यात दूरदूर विभागला जातो, आणि चाकाला खालीवर होण्यास भरपूर वाव राहतो. एकसंध पत्र्याच्या हलक्या सांगाड्याला ही मांडणी जणू मापाने शिवल्यासारखी बसली.

कॅडेटमध्ये चारही चाकांना असे खांब होते. पुढची चाके स्वतंत्र टांगणे हेच जिथे अप्रूप, तिथे हजार डॉलरच्या गाडीची मागची चाकेही स्वतंत्र! १९४६ पर्यंत कॅडेटचे तीन नमुने तयार झाले. आणि मग मे १९४७ मध्ये कंपनीने प्रकल्पच गुंडाळला.

कारणे हिशेबाची होती. अपेक्षित मंदी आलीच नाही. चार वर्षे नव्या गाडीवाचून राहिलेले गिऱ्हाईक दारात रांगा लावून उभे होते आणि मिळेल ती मोठी गाडी उचलीत होते. पोलादाची टंचाई होती. त्यात जितके पोलाद मिळेल ते अधिक नफ्याच्या गाड्यांत घालणे व्यवहाराचे होते. शिवाय बांधणीतले सारे कौशल्य जमेस धरूनही कॅडेट नेहमीच्या शेवरोलेहून फारशी स्वस्त पडेल, अशी चिन्हे नव्हती. व्यापारी दृष्टीने निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. ज्याने दोन वर्षे प्रत्येक औंसाचा हिशेब मांडला, त्याच्या मनाची अवस्था वेगळी असणार. मॅकफर्सन यांनी त्याच वर्षी जनरल मोटर्स सोडली आणि ते प्रतिस्पर्धी फोर्डकडे गेले.

पेटंटची नोंद या फाटाफुटीची साक्ष देते. पहिला अर्ज १९४७ मध्ये जनरल मोटर्सच्या वतीने दाखल झाला होता, दुसरा १९४९ मध्ये फोर्डच्या वतीने. दोन्हींवर संशोधक म्हणून नाव एकाच माणसाचे, आणि दोन्ही पेटंटे मंजूर झाली तीही १९५३ या एकाच वर्षी. यांतल्या दुसऱ्या पेटंटमध्ये फियाटचे ग्विडो फोर्नाका यांच्या विसाच्या दशकातील आराखड्यांचा उल्लेख आहे. विमानाच्या चाकांचे लांब खांब तर सर्वज्ञातच होते, आणि विमानांच्या इंजिनांवर काम केलेल्या मॅकफर्सन यांच्या नजरेतून ते सुटले असतील असे मानण्याचे कारण नाही. तेव्हा ही कल्पना शून्यातून अवतरली, असा दावा कोणी करू नये. पण कल्पना सुचणे आणि ती कारखान्यात हजारोंच्या संख्येने, कमी खर्चात, वर्षानुवर्षे टिकेल अशी उतरविणे, यात मोठे अंतर असते. ते अंतर मॅकफर्सन यांनी कापले.

फोर्डमध्येही या खांबाला घर मिळाले ते अमेरिकेबाहेर. फ्रान्समधील फोर्ड व्हेदेत ही तो वापरणारी पहिली गाडी, असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. ते बरोबर नाही, तिला भुजांचीच रचना होती. हा मान फोर्डच्या इंग्लंडमधील शाखेने बनविलेल्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांचा आहे. १९५० च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या प्रदर्शनात त्या मांडल्या गेल्या आणि १९५१ पासून मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आल्या. त्यांत खालच्या भुजेच्या मदतीला गाडी वळताना कलू न देणारी आडवी कांब वापरली होती, म्हणजे आणखी एक भाग वाचला. १९५३ मध्ये त्याहून लहान अँग्लियालाही हे खांब लाभले. युद्धाने पिचलेल्या, पेट्रोल आणि पोलाद दोन्ही जपून वापरणाऱ्या युरोपला हलक्या गाडीची खरी निकड होती. डेट्रॉइटला न परवडलेली काटकसर डॅगनहॅमच्या कारखान्यात कामी आली.

मॅकफर्सन यांची स्वतःची चढण मात्र डेट्रॉइटमध्येच चालू राहिली. १९५२ मध्ये ते फोर्डच्या अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष झाले. त्यांच्या हाताखाली अमेरिकेत ज्या गाड्या निघाल्या, त्या दरवर्षी अधिक लांब, अधिक जड आणि अधिक क्रोमने मढलेल्या होत होत्या. त्या अजस्र गाड्यांना या खांबांची गरज नव्हती. वजन हेच त्यांचे सुख होते. हलक्या मोटारीचा ध्यास घेतलेल्या माणसाने कारकिर्दीची शेवटची वर्षे अशा गाड्यांची देखरेख करीत काढावी, हा योग विचित्र खरा. १९५८ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९६० मध्ये निधन पावले. तोवर त्यांच्या नावाचा खांब अमेरिकी बनावटीच्या एकाही फोर्ड मोटारीत बसलेला नव्हता.

त्यानंतर जे घडले ते त्यांनी पाहिले नाही. १९६२ च्या बीएमडब्ल्यू १५०० ने खांब स्वीकारला, १९६९ च्या फियाट १२८ ने आणि १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फनेही. पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या आणि इंजिन आडवे बसविलेल्या लहान मोटारींचे युग आले, तेव्हा तर या रचनेला पर्यायच उरला नाही. आडव्या इंजिनाच्या दोन्ही कडांना जागा अपुरी असते. वरची भुजा नसल्याने ती मोकळी मिळते. १९७९ मध्ये बाजारात आलेल्या शेवरोले सायटेशनच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन खांब होते. ज्या शेवरोलेने कॅडेट मोडीत काढली, तिच्याच घरी ते ३२ वर्षांनी परतले.

भारतातील कथा आणखी उशिरा सुरू होते. अॅम्बॅसॅडरच्या पुढच्या चाकांना पिळाच्या दांड्या होत्या; मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला भुजा आणि गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या. दोन्हींच्या मागे पाटे होते आणि दोन्हींना ठरावीक दिवसांनी ग्रीस भरावे लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मॅकफर्सन हे नाव हिंदुस्थानी गॅरेजांत पोहोचले. पिंपरीच्या टाटा इंडिकानेही १९९८ मध्ये तोच मार्ग धरला. २००९ मध्ये विक्रीस आलेल्या टाटा नॅनोत तर कॅडेटची आठवण यावी अशा बऱ्याच गोष्टी होत्या : स्वस्ताईची कडक अट, प्रत्येक भागाच्या वजनावर लक्ष, चारही चाके स्वतंत्र आणि पुढे मॅकफर्सन खांब. तिचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. स्वस्त मोटारीचे गणित बाजारात सुटणे साठ वर्षांनंतरही सोपे झालेले नव्हते.

या रचनेत दोषही आहेत. ते झाकून ठेवले, तर चरित्राची आरती होईल. गाडी वळणावर कलली, की खांबही तिच्याबरोबर कलतो आणि बाहेरच्या चाकाची रस्त्यावरील पकड दोन भुजांच्या रचनेइतकी चांगली राहत नाही. खांब उंच असल्याने बॉनेट फार खाली आणता येत नाही. तिसरा दोष सामान्य मोटारधारकाच्या खिशाशी निगडित आहे. साध्या शॉक अॅब्सॉर्बरला केवळ खालीवर व्हावे लागते. मॅकफर्सन खांबाच्या दट्ट्याला मात्र चाकाकडून येणारा आडवा रेटाही सोसावा लागतो. त्यामुळे दट्ट्या एका बाजूला घासत राहतो, नळीच्या तोंडाशी असलेली बूश झिजते, मग तेलाची सील सुटते. स्प्रिंग किंचित तिरपी बसवून हा रेटा कमी करण्याची युक्ती पुढे निघाली, तरी तो पूर्णपणे गेला नाही.

म्हणूनच चार कामे एकाकडे सोपविल्याचा लाभ जसा चौपट, तसा तो एक थकला म्हणजे तोटाही चौपट. खांब झिजतो तो एका दिवसात नव्हे. रोज थोडा थोडा झिजतो आणि चालकाचे अंगही त्याला तितकेच थोडे थोडे सरावते. गाडी पूर्वी अशीच चालत होती, असे वाटू लागते. बाहेरचा कोणी शेजारी बसला की तो विचारतो, तेव्हा कुठे ध्यानात येते. गतिरोधक ओलांडल्यावर नाक दोन-तीनदा खालीवर होणे, ब्रेक दाबताच पुढचा भाग झुकणे, टायरच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडणे, नळीवर तेलाचा ओशट थर जमणे, ही त्याची लक्षणे. हा प्रश्न निव्वळ पाठीच्या सुखाचा नाही. उसळत्या चाकाचा रस्त्याशी संपर्क क्षणोक्षणी तुटतो, आणि हवेत असलेले चाक ना वळू शकते ना थांबवू शकते. शॉक अॅब्सॉर्बरचे उत्पादक साधारणपणे ८० हजार किलोमीटरनंतर ते बदलण्याचा सल्ला देतात. आपल्या शहरांतील रस्त्यांवर त्याआधीच तपासून घेणे शहाणपणाचे.

स्प्रिंगांचे दुखणे निराळे. त्या गळत नाहीत, थकतात. वर्षानुवर्षांच्या भाराने त्यांची उंची थोडी बसते, गाडी खाली येते आणि चाकाला वर जाण्यासाठी ठेवलेली जागा आक्रसते. मग लहानशा खड्ड्यातही खांब आपल्या टोकाच्या रबरावर आपटतो. यावर बाजारात मिळणारा झटपट इलाज म्हणजे स्प्रिंगेच्या वेढ्यांत बसविण्याचे रबरी बफर. त्याने गाडीची उंची वाढते हे खरे. पण ज्या वेढ्यांत रबर बसते, ते मोकळेपणाने दबत नाहीत, उरलेली स्प्रिंग अधिक कडक होते, आणि ज्या सुखासाठी खटाटोप केला ते आणखी दूर जाते. नळी उघडून त्यात मिळेल ते तेल भरून देण्याचा उद्योगही असाच. छिद्रांची मापे आणि तेलाची दाटी यांचे गणित कारखान्यात जुळविलेले असते. झिजलेली बूश तशीच ठेवून नुसते तेल बदलल्याने ते पुन्हा जुळत नाही.

बदलावयाचे तर डावा आणि उजवा खांब एकाच वेळी बदलावा. एक नवा आणि एक थकलेला असला, की ब्रेक लावताना आणि वळताना गाडीच्या दोन बाजू दोन तऱ्हेने वागतात. वरच्या टोकाचे रबरी माउंटिंग, त्यातले बेअरिंग, धूळ रोखणारी रबरी पिशवी आणि आपटरोधक रबर हे भाग किमतीने लहान असतात, पण खांब खोलल्याशिवाय हाती लागत नाहीत. म्हणून ते त्याच खोलीत बदलून घेणे स्वस्त पडते. स्टीअरिंग फिरविताना येणारा टणटण आवाज पुष्कळदा त्या बेअरिंगचाच असतो. हे काम घरी अंगणात करण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. खांबावरची स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते आणि ती शिकंज्यात धरल्याविना वरचा नट सैल केला, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते.

खांब बसवून झाले, तरी अलाइनमेंट तपासल्यावाचून गाडी ताब्यात घेऊ नये. खांब आणि चाकाची बैठक यांना जोडणारे बोल्ट काढून पुन्हा आवळताना चाकाचा कल अंशभर तरी बदललेला असतो, आणि तो तसाच राहिला, तर चांगले टायरही काही हजार किलोमीटरांतच एका कडेने झिजून जातात.